कावळा आणि फांदी

आपल्याकडे एक म्हण आहे : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. संगमनेर तालुक्यातील आमच्या खेड्यात माझी आजी ही म्हण उठता-बसता वापरीत असे. पुढे पुण्यात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करीत असताना तर्कशास्त्राच्या तासाला हाच विचार लॅटिन पेहराव करून भेटला. एक गोष्ट दुसरीच्या पाठोपाठ घडली, म्हणून ती दुसरीमुळेच घडली असे मानणे हा तर्कदोष होय, हे मी वहीत उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळवले. परंतु वहीतली गोष्ट अंगी बाणण्यासाठी आयुष्यात एखादा प्रसंग यावा लागतो. माझ्या बाबतीत तो प्रसंग एका संगणकाने आणला.

२००६ सालची गोष्ट. नाशिक रोड परिसरातील एका धर्मग्रामाची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली होती. वय छत्तीस, उत्साह भरपूर, सबुरी बेताची. धर्मगुरुनिवासाच्या पुढच्या खोलीत, खिडकीलगतच्या टेबलावर एक संगणक होता. सुटे भाग जुळवून तयार केलेले ते पेंटियम फोर जातीचे यंत्र माझ्या आधीच्या फादरांनी २००३ साली घेतले होते. रविवारची पत्रिका, दाखल्यांचे नमुने, सणाच्या वर्गणीचे हिशेब अशी कामे त्यावर चालत. त्या वर्षी त्यात आणखी एका मोठ्या कामाची भर पडली होती. धर्मग्रामातील सुमारे तीनशे कुटुंबांची पाहणी आम्ही घरोघर जाऊन केली होती आणि ते सारे फॉर्म संगणकात भरायचे होते.

हे काम एका मुलाने आपणहून अंगावर घेतले. त्याचे नाव मी येथे सांगत नाही. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होता. कॉलेज आटोपून घरी जायचा, चहा घेऊन सायकलने आमच्याकडे यायचा आणि सहा ते आठ या वेळात निमूटपणे फॉर्म भरीत बसायचा. मोबदला काही नव्हता. सिस्टरांनी दिलेली दोन बिस्किटेही तो कधी कधी तशीच ठेवून जाई.

मे महिन्याच्या सुमारास संगणकाला एक विचित्र खोड लागली. काम चालू असताना पडदा एकाएकी काळा होई, आतून 'पीप' असा बारीक आवाज येई आणि यंत्र पहिल्यापासून सुरू होई. कोणी बटण दाबलेले नसे. कधी तासाभरात दोनदा असे घडे, तर कधी तीन तीन दिवस काहीच नाही. जे यंत्र पूर्ण बंद पडते ते एका अर्थी प्रामाणिक असते. त्याला उचलून दुरुस्तीला नेता येते. हे मात्र पाहुण्यांसमोर शहाण्यासारखे वागणाऱ्या हूड पोरासारखे होते. दुरुस्ती करणारा समोर असेपर्यंत छान चालायचे आणि त्याची स्कूटर फाटकाबाहेर पडली की पडदा काळा. दर वेळी, न साठवलेले सारे टंकलेखन वाया जाई.

त्या काळात महाराष्ट्रात भारनियमन चालू होते. एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसत, तरी दिवसातून काही तास आम्हीही अंधारात काढीत असू. त्यामुळे घरात काहीही बिघडले की प्रथम विजेकडे बोट दाखवायची सर्वांना सवय होती. येथे मात्र मी विजेला सर्वांत आधी निर्दोष सोडले. संगणक बंद पडताना डोक्यावरचा पंखा फिरतच असे. पंखा फिरतो, म्हणजे वीज आहे. वीज आहे, म्हणजे दोष विजेत नाही. हा निष्कर्ष मला इतका स्वच्छ वाटला की तो तपासून पाहावा असे मनातही आले नाही.

मग दोष कशात? माझ्या मनात एक उत्तर आधीपासून तयार होते. ऑगस्ट २००३ मध्ये, आपल्याकडे सिंहस्थाची धामधूम चालू असताना, 'ब्लास्टर' नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रॅमने जगभरातील संगणक हैराण केले होते. तो ११ ऑगस्टच्या सुमारास पसरू लागला. त्याची लागण झालेल्या विंडोज एक्सपीच्या संगणकावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि ती संपताच यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होई. ज्या पळवाटेने तो शिरत असे ती बुजवण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिला होता, पण असंख्य लोकांनी तो बसवलाच नव्हता. त्याच महिन्याच्या अखेरीस, त्या प्रोग्रॅमची एक सुधारित आवृत्ती सोडल्याबद्दल अमेरिकेत १८ वर्षांच्या एका तरुणाला अटक झाली. पुढच्या वर्षी 'सॅसर' नावाचा तसाच प्रकार आला; त्याचा कर्ता जर्मनीतला एक विद्यार्थी निघाला. ही सारी वृत्ते मी वर्तमानपत्रांत वाचली होती. संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो आणि त्यामागे एखादा तरुण मुलगा असतो, असे समीकरण माझ्या डोक्यात कधी बसले ते मलाही कळले नाही. ब्लास्टर निदान पडद्यावर सूचना देऊन संगणक बंद करी, आमचा संगणक मात्र काहीच न सांगता पडत असे. हा फरक माझ्या ध्यानात यायला हवा होता. तो आला नाही.

जूनमधला एक शनिवार. संध्याकाळचे सात वाजत आले होते. तो मुलगा खोलीबाहेर आला आणि म्हणाला, "फादर, पुन्हा बंद पडला. मघापासूनची सहा घरं गेली."

मी त्या दिवशी आधीच कशाने तरी वैतागलो होतो. म्हणालो, "तू यात काय टाकलं आहेस ते खरं सांग. गेम? मित्राकडची सीडी?"

"नाही फादर. मी काही टाकलेलं नाही."

"मग तू बसलास की असं का होतं? मी बसतो तेव्हा होत नाही."

दुसऱ्या दिवशीच्या मिस्साची तयारी विचारायला आलेले दोन लहान वेदीसेवक दारात उभे होते. त्यांच्या देखत मी हे बोललो. मुलाने मान खाली घातली. खोलीची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. "येतो, फादर," म्हणाला आणि गेला. आपल्या भाषेत जाताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. त्याने रीत पाळली. पण पुढे आठवडे लोटले, तरी तो आला नाही.

सोमवारी मी शहरातून एका दुरुस्ती करणाऱ्याला बोलावून घेतले. "व्हायरस आहे, सगळं पुसून टाका," असे मीच त्याला सांगितले. "आत काही महत्त्वाचं आहे का फादर?" असे त्याने विचारले. पत्रिकेच्या आणि हिशेबाच्या कागदी प्रती कपाटात होत्या, एवढेच मला आठवले. "नाही," मी म्हणालो. त्याने हार्ड डिस्क फॉरमॅट केली, विंडोज नव्याने घातले, पैसे घेतले आणि गेला. कुटुंब-पाहणीचे दोन महिन्यांचे काम त्या डिस्कवर होते, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी साडेसहा वाजता मी स्वतः पत्रिकेचा मजकूर जुळवीत बसलो होतो. मुलगा नव्हता. व्हायरस नव्हता. यंत्रात विंडोजखेरीज फारसे काही नव्हते. पंखा फिरत होता. पडदा काळा झाला, 'पीप' असा आवाज आला आणि संगणक पहिल्यापासून सुरू झाला.

आमच्या धर्मग्रामात एक काका होते. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये विजेच्या देखभालीचे काम करून ते निवृत्त झाले होते. रविवारी मिस्सा झाल्यावर मी त्यांना गाठले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "फादर, पुसल्यावरही तेच होतंय ना? मग व्हायरसचा विषय मिटला. चांगलं झालं, एक नाव यादीतून कमी झालं." त्यात चांगले काय ते मला त्या क्षणी कळले नाही.

काकांनी यंत्राला हातही लावला नाही. आधी एक शंभर पानी वही मागवली. पानावर रकाने आखले : तारीख, वेळ, संगणकावर काय काम चालू होते, घरात विजेवर आणखी काय चालू होते. मी त्यात आणखी एक रकाना सुचवला : कोण बसले होते. काकांनी माझ्याकडे पाहिले. "असू द्या," म्हणाले, "पण तुम्ही बसाल तेव्हा तुमचंही नाव लिहायचं." मग त्यांनी दोन नियम सांगितले. पहिला, घडले की लगेच लिहायचे. आठवून लिहायचे नाही, कारण आठवण आपल्या सोयीची असते. दुसरा, एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारले, तर ते कशाने सुधारले हे कधीच कळत नाही.

पुढे एकदा वाचनात आले की अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या अवाढव्य गणकयंत्रात ९ सप्टेंबर १९४७ रोजी बिघाड झाला, तेव्हा शोधाशोध करता करता एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. तेथील मंडळींनी तो किडा चिकटपट्टीने कामाच्या नोंदवहीतच लावून ठेवला आणि शेजारी वेळेसह नोंद केली. ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. बिघाडाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची रूढी त्याहून जुनी असली, तरी खराखुरा किडा सापडल्याची ती नोंद प्रसिद्ध झाली. मला त्यात कौतुक वाटते ते किड्यापेक्षा वहीचे. रोज नोंद ठेवणारे लोक होते म्हणून तो किडा आज आपल्याला माहीत आहे.

शोध सुरू झाला. शेजारच्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या सिस्टरांनी विंडोजमधली एक खूण काढून टाकली. गंभीर चूक घडताच यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावे, अशी ती आज्ञा असते. ती काढली की चूक प्रोग्रॅमची असल्यास निळा पडदा आणि त्यावरचा संदेश जागेवर थांबून राहतो. पुढच्या खेपेला निळा पडदा आला नाही. पडदा थेट काळाच झाला. विंडोजच्या नोंदींतही, मागच्या वेळी यंत्र अनपेक्षितपणे बंद झाले, एवढेच लिहिलेले सापडले. त्याला स्वतःलाच काही कळण्याआधी त्याच्या पायाखालची जमीन सरकत होती.

नंतर काकांनी कॅबिनेट उघडले. आत तीन वर्षांची धूळ गोधडीसारखी साचलेली. प्रोसेसरवरच्या पंख्याखालील पात्यांमधून हवा जाण्यास जागाच उरली नव्हती. नरम ब्रशने सारे साफ केले. "उष्णतेने यंत्र बहुधा बंद पडतं आणि निवेपर्यंत बंदच राहतं, आपलं तर लगेच उठून बसतं," काका म्हणाले. "तरी घाण दिसली ती काढायची." सफाईनंतर दोन दिवस थांबून वही पाहिली. फरक नाही. मग रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी काठ खोडरबराने पुसून पुन्हा घट्ट बसवले. फरक नाही. सिस्टरांनी सीडीवरून स्मृती तपासणारा 'मेमटेस्ट' नावाचा प्रोग्रॅम रात्री दहा वाजता चालू करून दिला. सकाळी सहाला पाहिले, तर यंत्र रात्रभर अखंड राबत होते आणि एकही चूक नव्हती.

मी निराश झालो. काका मात्र खूश दिसले. "आठ तास झोपलं नाही, काम करत होतं आणि एकदाही पडलं नाही. आता रात्री या घरात काय नसतं ते शोधा, फादर."

उत्तर वहीत होते. दहा दिवसांत चौदा वेळा संगणक पडला होता. त्यांपैकी अकरा वेळा संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळात. महापालिकेचे पाणी आमच्याकडे संध्याकाळी येत असे. खालची टाकी भरू लागली की आमचा माळी मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवी. मग टाकीचा अंदाज घेत ती दोन-तीनदा बंद-चालू करी. पाण्याची वेळ आणि त्या मुलाची बसण्याची वेळ एकच होती. सकाळी मी बसत असे तेव्हा मोटर नसे. कावळा आणि फांदी!

तरी काकांनी लगेच निकाल दिला नाही. दुपारी तीन वाजता, घर शांत असताना, त्यांनी मला संगणकासमोर बसवले, मल्टिमीटर लावला आणि माळ्याला मोटर चालू करायला सांगितले. काटा २२५ व्होल्टवरून झटकन खाली आला आणि परत वर गेला. संगणकाला काही झाले नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मोटर लागली आणि पडदा काळा झाला.

यामागचे कारण काकांनी सांगितले ते असे. पाण्याची मोटर सुरू होताना, नेहमी लागतो त्याच्या पाच-सहापट प्रवाह क्षणभर ओढते. आमच्या घराची वायरिंग जुनी, त्यामुळे त्या क्षणी साऱ्या घरात विजेचा दाब उतरे. पंख्याला एवढ्याशा क्षणाची खबरही लागत नाही. तो आपल्या वेगाने फिरत राहतो. आपल्याकडील विजेचे एक आवर्तन सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पुरे होते. संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस नावाचा डबा चांगल्या स्थितीत असला, तर साधारण तेवढा काळ तग धरतो. त्याहून जास्त नाही. म्हणजे फिरत्या पंख्यावरून मी विजेला निर्दोष ठरवले, ते गाढ झोपलेल्या पहारेकऱ्याच्या साक्षीवरून ठरवल्यासारखे होते.

"पण काका, आपल्याकडे तर यूपीएस आहे!" मी म्हणालो. काकांनी टेबलावरच्या दिव्यात १०० वॉटचा बल्ब घातला, संगणकाऐवजी तो यूपीएसला जोडला आणि यूपीएसची पिन भिंतीतून उपसली. बल्ब तत्क्षणी विझला. आतली बॅटरी केव्हाच संपली होती. अशा यूपीएसला बाहेरचा दाब उतरल्याचे कळते, तेव्हा तो संगणकाचा भार बॅटरीवर टाकतो. बॅटरी मेलेली असेल, तर तो भार पोकळीत पडतो. जी उतरण संगणकाने कदाचित स्वतःच सोसली असती, ती यूपीएसमुळे त्याला सोसता येत नव्हती. ज्याला राखणीला ठेवले होते, तोच धक्का देत होता.

नवी १२ व्होल्टची बॅटरी घातली. पुढच्या आठवड्यात संगणक फक्त दोनदा पडला. मला ते पुरेसे वाटले, काकांना नाही. "चौदाचे दोन झाले म्हणजे एक चोर गेला. दुसरा घरातच आहे." आणि तो सापडला. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी शाईच्या बाटलीच्या बुचाएवढे काही दंडगोल उभे होते. काका त्यांना कंडेन्सर म्हणत. पुस्तकात त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांच्या सपाट माथ्यावर क्रूसाच्या आकाराची बारीक खाच असते. आत वायू साठलाच, तर तेथून वाट मिळावी म्हणून. सहा कपॅसिटरांचे माथे पुरीसारखे फुगले होते आणि एकाच्या खाचेतून तपकिरी रस बाहेर येऊन वाळला होता.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नव्हती. १९९९ ते २००७ या सुमाराच्या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डांत अशा सदोष कपॅसिटरांची साथ जगभर पसरली होती. आतील द्रवाचे मिश्रण चुकीचे असल्याने त्यात हायड्रोजन वायू तयार होई आणि कपॅसिटर फुगून निकामी होत. प्रोसेसरला जेमतेम दीड व्होल्ट लागतात, पण ते अगदी स्थिर लागतात. ते स्थिर राखण्याचे काम या दंडगोलांचे. ते दुबळे झाले की काम वाढताच दाब ढळतो आणि प्रोसेसर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. डेल या अमेरिकी कंपनीने आपल्या काही संगणकांतील याच दोषाच्या निवारणासाठी २००५ साली ३० कोटी डॉलरची तरतूद केली होती. आमची तरतूद त्या मानाने लहान. पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला नोकरीस जाणाऱ्या आमच्या एका गृहस्थांनी लॅमिंग्टन रोडवरून सहा नवे कपॅसिटर आणले. काकांनी चष्मा कपाळावर चढवून, एक दुपार खर्चून, जुने काढून नवे डाख देऊन बसवले.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट केली. कॅबिनेटला हात लागला की बोटांना मुंग्या येत. आम्ही त्याला हसण्यावारी नेत असू. अर्थिंग नीट नसल्याची ती खूण होती. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता आणि तार गंजून सुटली होती. नवी तार, मीठ, कोळसा आणि पाणी घालून तो खड्डा त्यांनी नीट करून घेतला. "हा काही आपला चोर नाही," म्हणाले, "पण कधीतरी कुणाचा जीव घेतला असता." त्यानंतर तो संगणक पाच वर्षे चालला.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी मुलांचा संगणक असेल आणि कधीतरी तोही असाच आपोआप बंद-चालू होऊ लागेल. तेव्हा हा क्रम ध्यानात ठेवावा. सर्वप्रथम, यंत्र चालते आहे तोवर महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत दुसरीकडे काढावी. मग वही घ्यावी आणि वेळा लिहाव्यात. अलीकडची विंडोज नवी दुरुस्ती बसवण्यासाठी स्वतःहून पुन्हा सुरू होते. पडद्यावर तशी सूचना असेल, तर तो बिघाड नव्हे. प्लग, वायर आणि यूपीएसची बॅटरी आधी पाहावी. ते स्वस्त असते आणि तेथेच दोष असण्याचा संभव मोठा असतो. बॅटरी तपासताना टेबललॅम्प वापरावा, संगणक नव्हे. नंतर पिन काढून, धूळ साफ करावी. मग रॅम, मग एसएमपीएस आणि सर्वांत शेवटी मदरबोर्ड. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कोणी उघडू नये. पिन काढल्यावरही त्यात घातक दाब काही वेळ शिल्लक राहतो. आणि हार्ड डिस्क पुसण्याचा उपाय, जो मी पहिला केला, तो सर्वांच्या शेवटी.

यंत्राची गोष्ट येथे संपते. माझी राहिली आहे.

कपॅसिटर बसवल्यावर दोन आठवडे वहीत एकही नोंद झाली नाही. एका संध्याकाळी मी ती उघडून पुन्हा वाचीत बसलो आणि मी सुचवलेल्या रकान्यापाशी नजर थांबली. कोण बसले होते? माझे नाव त्यात नऊ वेळा होते, माझ्याच अक्षरात. पाचदा सिस्टरांचे. त्या मुलाचे एकदाही नव्हते, कारण त्याला मी आधीच घालवून दिले होते.

त्याच्या घरी गेलो. जेल रोडच्या बाजूला दोन खोल्यांचे घर. आईने लगबगीने खुर्ची पुसून दिली आणि चहा टाकला. तिला काही माहीत नव्हते. "अभ्यास वाढलाय म्हणून येत नाही फादर," असे तीच मला समजावू लागली. मुलाने घरी काही सांगितलेच नव्हते. तो आला, तेव्हा मी त्याच्या आईसमोर त्याची माफी मागितली. दोन लहान मुलांसमोर बोललो होतो, निदान एका मोठ्या माणसासमोर ते परत घ्यावे असे वाटले. तो गडबडला. जरा वेळाने त्याने विचारले, "काय निघालं फादर?" मी मोटर, बॅटरी, कपॅसिटर असे सगळे सांगितले. तो म्हणाला, "संध्याकाळी मोटर लागली की ट्यूबलाइट मिणमिणायची आणि तेव्हाच तो पडायचा. मी पाहिलं होतं. सांगणार होतो." मग थोडे थांबून, खाली पाहत म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही. काय टाकलंस, एवढंच विचारलं."

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. पंधरा दिवस वही लिहून काकांनी जे शोधले, त्याचे अर्धे उत्तर त्या मुलाच्या डोळ्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिले होते. यंत्राजवळ रोज बसणारा तोच होता. साक्षीदार म्हणून ज्याला आधी बोलवायचे, त्याला मी आरोपी करून ठेवले.

निघताना त्याने कपाटातून एक सीडी काढून दिली. दर रविवारी तो कामाची प्रत काढून ठेवीत असे. शेवटच्या आठवड्यातील चाळीस कुटुंबे तेवढी त्यात नव्हती. ती मी स्वतः भरली, दोन बोटांनी, आठ संध्याकाळी बसून, पाणी येण्याच्या वेळेलाच. तो मुलगा पुढे येऊ लागला, पण किल्ली त्याने परत घेतली नाही. मी असताना येई, काम करी आणि जाई. आता तो अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. सणाला भेटतो, प्रेमाने बोलतो. ते प्रेम खरे आहे. किल्ली टेबलावर ठेवल्याचा तो लहानसा आवाजही खराच होता.

ती शंभर पानी वही माझ्या बदल्यांबरोबर तीन धर्मग्रामे फिरून आली आहे. तिची चारच पाने भरलेली आहेत. कोणी माझ्याकडे कोणाविषयी तक्रार घेऊन येतो आणि "तो असला की असं होतं" असे सांगतो, तेव्हा मी ती टेबलाच्या खणातून काढतो, समोर ठेवतो आणि आधी विचारतो, "किती वाजता?"